रेंज रोव्हर इलेक्ट्रिकची ६१ हजारांची रांग आणि भिवंडीतलं एक सॉकेट

मागच्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मित्राने स्क्रीनशॉट टाकला. "रेंज रोव्हर इलेक्ट्रिकच्या वेटिंग लिस्टमध्ये आपलं नाव लागलं रे!" खाली आगीचे इमोजी, मग बाकीच्यांची पार्टीची मागणी. हा मित्र दापोड्याच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. अंजूरफाट्याजवळ भाड्याच्या खोलीत राहतो आणि हप्त्यावर घेतलेल्या ई-स्कूटरवरून कामाला जातो. रेंज रोव्हर इलेक्ट्रिकची किंमत कंपनीने अजून सांगितलेली नाही, पण साधी डिझेलवाली रेंज रोव्हरसुद्धा आज दोन कोटींच्या पुढे जाते. मी त्याला विचारलं, पैसे किती भरलेस? म्हणाला, "एक रुपया नाही. नाव, नंबर, ईमेल. संपलं."

हसण्यावारी न्यायची गोष्ट होती, पण मग मी जरा खोलात गेलो. कारण या न आलेल्या गाडीबद्दल यूट्यूबवर जितके मराठी व्हिडिओ आहेत, तितके आलेल्या कित्येक गाड्यांबद्दल नाहीत. "टाटांची गाडी", "साडेपाचशे हॉर्सपॉवर", "६१ हजार लोक रांगेत". यातलं खरं किती, त्याचा अर्थ काय, आणि भिवंडीत बसून हे बघणाऱ्या आपल्यासारख्यांचा याच्याशी काही संबंध आहे का, हे नीट बघू.

रांग खरी आहे, पण कसली?

रेंज रोव्हर हा ब्रँड जग्वार लँड रोव्हरचा, म्हणजे जेएलआरचा. जेएलआर टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरला घेतली. नोव्हेंबर २०२५ पासून तिचे प्रमुख आहेत पी. बी. बालाजी, जे त्याआधी टाटा मोटर्सचे आर्थिक कारभारी होते. म्हणजे "टाटांची गाडी" हे चूक नाही. बनणार मात्र ती इंग्लंडात, सॉलिहलच्या कारखान्यात.

वेटिंग लिस्ट डिसेंबर २०२३ मध्ये उघडली. दोन-तीन महिन्यांत १६ हजार नावं आली. २०२५ च्या मध्यापर्यंत कंपनी ६१ हजारांचा आकडा सांगत होती. सुरुवातीला गाडी २०२५ मध्ये मिळेल असं बोललं जात होतं. जुलै २०२५ मध्ये बातमी आली की यादीतल्या लोकांना कळवलंय, आता २०२६. त्यानंतर सप्टेंबरमध्ये जेएलआरवर मोठा सायबर हल्ला झाला आणि कारखाने महिनाभराहून जास्त बंद राहिले. उत्पादन ८ ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने सुरू झालं. उशीर या हल्ल्याच्या आधीच जाहीर झाला होता हे लक्षात ठेवा, कारण बऱ्याच रील्समध्ये दोन्हींची सरमिसळ केलेली दिसते.

आता मुद्दा असा, की ही बुकिंगची रांग नाही. ही उत्सुकता असणाऱ्यांची नोंद आहे. पैसे भरायचे नाहीत, परतीची अट नाही, गाडी घेण्याची जबाबदारी नाही. कंपनीला याचे फायदे सरळ आहेत. कुठल्या देशात किती लोक विचारतायत ते कळतं, गुंतवणूकदारांना दाखवायला एक मोठा आकडा मिळतो, आणि जाहिरातीवर खर्च न करता तुमचा ईमेल तिच्याकडे जातो. यात फसवणूक काही नाही. पण ६१ हजार नावं म्हणजे ६१ हजार गाड्या विकल्या गेल्या असं मानणं म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवर "लाइक" करणाऱ्यांची पंगत मांडण्यासारखं आहे.

पैसे घेतलेल्या रांगेचंही हेच होतं. टेस्लाच्या सायबरट्रकसाठी शंभर डॉलर भरून दहा लाखांहून जास्त लोकांनी जागा राखल्याचं इलॉन मस्क सांगत होते. मार्च २०२५ मध्ये ती गाडी एका दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली, तेव्हा रस्त्यावरच्या जवळपास सगळ्या गाड्या त्यात आल्या आणि आकडा निघाला ४६ हजारांचा. आपल्याकडचं उदाहरण तर जास्त बोचरं आहे. २०१६ मध्ये भारतातल्या काही उत्साही लोकांनी हजार डॉलर भरून टेस्ला मॉडेल ३ बुक केली होती. ती गाडी भारतात आलीच नाही. २०२५ मध्ये पैसे परत करायला सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी १५ जुलैला बीकेसीत टेस्लाची शोरूम उघडली ती मॉडेल वाय घेऊन. नऊ वर्षं!

(जाता जाता एक: अशा गाजलेल्या गाड्यांच्या नावाने "बुकिंग अमाउंट फक्त ९९९" असले मेसेज फिरतात. यादी फुकट आहे, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. जो पैसे मागतो तो कंपनीचा माणूस नाही.)

याआधीची "पहिली"

या घराण्यातली ही पहिली इलेक्ट्रिक एसयूव्ही आहे असं बरेच व्हिडिओ म्हणतात. रेंज रोव्हर या नावाखाली ती पहिली आहे, हे बरोबर. पण जेएलआरची पहिली नव्हे. तो मान जग्वार आय-पेसचा, आणि तिची गोष्ट सध्याच्या गाजावाजात कोणी सांगत नाही.

आय-पेस १ मार्च २०१८ ला जगासमोर आली. तेव्हा तिचं कौतुक आजच्या रेंज रोव्हरपेक्षा कमी नव्हतं. जर्मनांच्या आधी जग्वारने बाजी मारली, टेस्लाला टक्कर देणारी गाडी आली, असं सगळीकडे छापून आलं. २०१९ मध्ये तिने वर्ल्ड कार ऑफ द इयरसकट तीन जागतिक पुरस्कार एकाच वर्षी घेतले. भारतात पहिली आय-पेस जानेवारी २०२१ मध्ये जेएनपीटीच्या बंदरात उतरली. त्याच बंदरातून, जिथून भिवंडीच्या गोदामांकडे रोज कंटेनर निघतात. मार्च २०२१ मध्ये किंमत जाहीर झाली, एक कोटी सहा लाखांच्या आसपास. ९० युनिटची बॅटरी, एका चार्जमध्ये ४७० किलोमीटर, असा दावा.

मग काय झालं? गाडी चालवायला उत्तमच होती. गुगलच्या कुटुंबातली वेमो कंपनी अमेरिकेत ड्रायव्हरविना टॅक्सी चालवते, त्यात आजही आय-पेस दिसते. पण विक्री कधी जोर धरू शकली नाही. बॅटरीला आग लागण्याच्या शक्यतेमुळे अमेरिकेत वारंवार रिकॉल झाले, आणि २०२४ मध्ये कंपनीने २०१९ सालच्या पावणेतीन हजारांच्या आसपास गाड्या तिथल्या मालकांकडून थेट परत विकत घेण्याची तयारी दाखवली. त्याच वर्षाअखेर ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये तिचं उत्पादन थांबलं. भारतातही ती आता मिळत नाही.

म्हणून माझ्या मते रेंज रोव्हर इलेक्ट्रिकला झालेला उशीर ही वाईट बातमी नाही. जेएलआरने ही गाडी स्वीडनच्या उत्तरेला गोठलेल्या तळ्यांवर आणि आखाती वाळवंटात तापवून बघितली आहे. दोन कोटींची गाडी एक वर्ष उशिरा आली तर कोणाचं जेवण अडत नाही. बॅटरीची चूक मात्र पाच वर्षांनीही अंगाशी येते, हे या कंपनीला स्वतःच्या अनुभवातून कळलंय.

आठशे व्होल्ट म्हणजे काय? पडघ्याला जाऊन बघा

प्रोटोटाइप चालवणाऱ्या पत्रकारांना कंपनीने सांगितलेले आकडे असे: बॅटरी ११७ युनिटची, त्यात ३४४ सेल दोन थरांत रचलेले, ताकद साधारण साडेपाचशे हॉर्सपॉवर, टॉर्क ८५० न्यूटन-मीटर, आणि यंत्रणा ८०० व्होल्टची.

आधी ११७ युनिट डोळ्यांसमोर आणू. तुमच्या फोनची बॅटरी ५,००० एमएएचची असेल तर तिच्यात साधारण १९ वॉट-तास ऊर्जा बसते. म्हणजे ही एक गाडी फुल्ल करण्याइतक्या विजेत सहा हजार फोन भरतील. भिवंडीच्या हिशोबात सांगायचं तर एक हॉर्सपॉवरची मोटर असलेला एक यंत्रमाग एवढ्या विजेवर साडेसहा दिवस, रात्रंदिवस, न थांबता चालेल. आणि गाडीची पूर्ण ताकद? तसल्या साडेपाचशे मागांची. कल्याण रोडवरच्या कितीतरी कारखान्यांत मिळून एवढे माग नसतील.

आता व्होल्ट. जुन्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या ४०० व्होल्टच्या असतात. समजा ३५० किलोवॉटचा जोरदार चार्जर लावला. ४०० व्होल्टवर एवढी ताकद पाठवायची तर तारेतून ८७५ अँपिअरचा प्रवाह जायला हवा. ८०० व्होल्टवर तेच काम साडेचारशेपेक्षाही कमी अँपिअरमध्ये होतं. तार तापते ती प्रवाहामुळे, आणि तीही वर्गाच्या पटीत. प्रवाह निम्मा झाला की तीच तार पावपटच तापते. म्हणून केबल बारीक ठेवता येते, चार्जिंग जास्त वेळ वेगात टिकतं.

फोनवाल्यांना ही युक्ती नवी नाही. ६५ वॉटचे फास्ट चार्जर आले तेव्हा काही कंपन्यांनी फोनमध्ये एकाच्या जागी दोन सेल एकापुढे एक जोडले. व्होल्टेज दुप्पट झालं, प्रवाह आटोक्यात राहिला, फोन हातात चटका न देता अर्ध्या तासात भरायला लागला. रेंज रोव्हर तेच करतेय, फक्त मोठ्या पातळीवर.

आणि खरं मोठं उदाहरण बघायचं तर इंग्लंडला जायची गरज नाही. भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला जा. नाशिक हायवेने जाताना मनोऱ्यांची गर्दी दिसते ना, तिथे एक लाइन थेट चंद्रपूरकडून येते. सुमारे साडेसातशे किलोमीटर, १९९९ पासून सुरू, क्षमता १,५०० मेगावॉट, आणि व्होल्टेज ५०० किलोव्होल्ट, म्हणजे पाच लाख व्होल्ट. तेही एसी नाही, डीसी. कोळसा विदर्भात, वीज हवी मुंबईला, मग वाटेत तार तापून वीज वाया जाऊ नये म्हणून व्होल्टेज एवढं वर नेलं. आठशे व्होल्टच्या गाडीमागचं आणि पाच लाख व्होल्टच्या लाइनमागचं गणित एकच आहे. पडघ्यात डीसीची एसी होते आणि पुढे जाते. गाडीच्या फास्ट चार्जरमध्ये त्याच एसीची पुन्हा डीसी होते, कारण बॅटरी डीसीच खाते.

पडघ्याचं महत्त्व मुंबईला एका दिवशी नीट कळलं. १२ ऑक्टोबर २०२०. कळवा आणि पडघ्याच्या दरम्यानच्या लाइन एकामागून एक पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. बीकेसीत उभी असलेली कुठलीही महागडी इलेक्ट्रिक गाडी शेवटी अशाच तारांवर जगते.

एक गमतीचा आकडा राहिला. ही गाडी ८५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाईल असा दावा आहे, म्हणजे जवळपास कमरेएवढ्या. तीनबत्तीच्या बाजारात जुलैमध्ये चाचणी घेतली तर आम्ही बघायला येऊ. गंभीरपणे सांगायचं तर बॅटरीचा डबा सीलबंद असतो, त्यामुळे इलेक्ट्रिक गाडी पाण्याला पेट्रोलच्या गाडीपेक्षा घाबरते असं नाही. पण प्रत्येक गाडीची मर्यादा वेगळी असते, आणि आपल्या स्कूटरवर हा प्रयोग करू नका.

आमणे ते नागपूर

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा खुला झाला, इगतपुरी ते आमणे. आमणे भिवंडी तालुक्यात. म्हणजे ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचं मुंबईकडचं तोंड आपल्या दारात आहे, आणि लांब पल्ल्याची इलेक्ट्रिक एसयूव्ही घेणारा मुंबईकर ती पळवायला इथूनच निघणार.

एका चार्जवर तो कुठवर जाईल? कंपनीने अधिकृत रेंज दिलेली नाही, म्हणून आपण आपला हिशोब करू. एवढी जड आणि चौकोनी गाडी ताशी १२० ने पळवली तर किलोमीटरला ०.३० युनिट धरणं रास्त आहे. ११७ ला त्याने भागलं की ३९० किलोमीटर. म्हणजे जालना मागे टाकून साधारण बुलडाणा जिल्ह्यात चार्जर शोधावा लागेल. हीच गाडी ९० ने चालवली तर बरीच पुढे जाईल, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो. गंमत म्हणजे इगतपुरीच्या चढाची ज्याला त्याला भीती असते, ती फुकट आहे. पावणेतीन टनांची गाडी साडेपाचशे मीटर वर चढवायला जेमतेम चार युनिट जास्त लागतात, आणि येताना उतारावर मोटरच जनरेटर होऊन त्यातले बरेचसे परत बॅटरीत घालते. रेंज खातो तो चढ नाही, ॲक्सिलरेटरवरचा पाय.

टोलचं काय? राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी या तिन्हींवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. समृद्धीला कारसाठी किलोमीटरला २ रुपये ६ पैसे पडतात, म्हणजे आमणे-नागपूर एका बाजूचे साधारण १,४४५ रुपये वाचायला हवेत. "हवेत" म्हणतोय, कारण धोरण आल्यावरही टोल कापला जात असल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. शेवटी डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात हा विषय निघाला आणि विधानसभा अध्यक्षांना माफीची अंमलबजावणी करायला आणि कापलेले पैसे परत द्यायला सांगावं लागलं. तुमची किंवा घरच्यांची ईव्ही असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट काढून ठेवा.

करांचा खेळ

इथे खरी मेख आहे, आणि इथेच "लक्झरी गाडीचा आपल्याशी काय संबंध" या प्रश्नाचं उत्तरही.

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के. १२ लाखांची असो की दोन कोटींची. मोठ्या पेट्रोल-डिझेल एसयूव्हीवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत सेस धरून ५० टक्के होता, आता ४० आहे. महागड्या ईव्हींवरचा दर वाढवावा अशी चर्चा झाली होती, पण जीएसटी परिषदेने ५ टक्केच कायम ठेवला. राज्यातही तसंच झालं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के मोटार वाहन कर सुचवला होता. दोन कोटींच्या गाडीवर तो १२ लाख झाला असता. दोनच आठवड्यांत मुख्यमंत्री फडणवीसांनी तो मागे घेतला. त्यातून फारसं उत्पन्न मिळणार नाही, असं कारण दिलं.

श्रीमंतांना सूट, असं लगेच म्हणावंसं वाटतं. पण थांबा. बाहेरून तयार आलेल्या महाग गाडीवर सीमाशुल्क सगळं धरून ११० टक्के आहे. सॉलिहलहून आलेली इलेक्ट्रिक रेंज रोव्हर जीएसटीत वाचवेल त्यापेक्षा कितीतरी जास्त बंदरावर भरेल. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला झालेला व्यापार करार अंमलात आला तरी त्यात इलेक्ट्रिक गाड्यांना पहिली पाच वर्षं शुल्कात सवलत नाही. ती फक्त पेट्रोल-डिझेलवाल्यांना.

म्हणून भारतातल्या किमतीचा निकाल एकाच गोष्टीवर लागेल: गाडी पुण्यात जोडली जाणार का? मे २०२४ मध्ये जेएलआरने रेंज रोव्हर पहिल्यांदाच ब्रिटनबाहेर, पुण्यात जोडायचं ठरवलं आणि किंमत १८ ते २२ टक्क्यांनी उतरली. मर्सिडीजनेही आपली मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही ईक्यूएस चाकणमध्ये जोडून २०२४ मध्ये १ कोटी ४१ लाखांत आणली. २०२० मध्ये भारतातली पहिली लक्झरी इलेक्ट्रिक एसयूव्ही ईक्यूसी आली, तीही मर्सिडीजचीच, तेव्हा ती पूर्ण बाहेरून येत होती. इलेक्ट्रिक रेंज रोव्हरसाठी पुण्याचा निर्णय झालाय असं कंपनीने म्हटलेलं नाही. जे यूट्यूबर "भारतात किंमत एवढी" असं ठामपणे सांगतात ते अंदाजपंचे दाहोदर्से करतायत.

मला खुपणारा कर वेगळाच आहे. घरच्या मीटरच्या विजेवर जीएसटी नाही. पण सार्वजनिक चार्जिंग स्टेशनवर तुम्ही गाडी लावली की ती "सेवा" ठरते आणि तिच्यावर १८ टक्के. समजा चार्जरवाल्याचा दर युनिटला २० रुपये आहे, तर हातात बिल येतं २३ रुपये ६० पैशांचं. आता विचार करा, सार्वजनिक चार्जर रोज कोण वापरतं? ज्याच्याकडे स्वतःचं पार्किंग आणि स्वतःचा मीटर आहे तो नाही. वापरतो तो भाड्याच्या खोलीतला, रस्त्यावर गाडी लावणारा, दिवसभर टेम्पो चालवणारा. दोन कोटींच्या गाडीला ५ टक्के आणि तिनचाकीच्या चार्जिंगला १८. हे उलटं आहे, आणि यावर रील कोणी बनवत नाही.

भिवंडीतलं सॉकेट

भिवंडीला विजेची कदर शिकवायची गरज नाही. २००७ च्या जानेवारीपासून इथली वीज टोरंट बघते. खासगी फ्रँचायझीकडे वितरण देण्याचा देशातला तो पहिला प्रयोग होता. त्याआधी शहरातली निम्म्याहून अधिक वीज गळती, चोरी आणि थकबाकीत जिरत होती. आज मीटर आहेत, बिलं येतात, त्यावर भांडणंही होतात. पण मीटर असणं आणि गाडीपर्यंत सॉकेट पोहोचणं या दोन गोष्टी आहेत.

११७ युनिटची बॅटरी घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर भरायची तर ३५ तास लागतील. सव्वासात किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर असेल तर सोळा तास, म्हणजे एक रात्रही पुरणार नाही. आणि एका फुल्ल चार्जमध्येच घरगुती बिलाचा १०० युनिटांचा पहिला टप्पा ओलांडला जातो. ज्यांना रेंज रोव्हर परवडते त्यांना हे सगळं परवडतं. त्यांचा बिल्डर त्यांना चार्जर लावून देतो. नव्या धोरणानुसार नव्या निवासी इमारतींत सगळं पार्किंग ईव्हीसाठी तयार असायला हवं. पण खाली माग आणि वर खोल्या अशा जुन्या इमारतीत पार्किंगच नाही, तिथे तयार काय करणार?

माझ्या मित्राचं तेच झालंय. सुरुवातीला तो पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून एक्स्टेंशन वायर सोडून स्कूटर भरायचा. घरमालकाने बंद केलं. मला विचाराल तर त्याने बरोबर केलं. पावसात लोंबती वायर आणि खाली कापसाचा भुगा, हे जीवावरचं काम आहे. पण मग पर्याय काय, याचं उत्तर घरमालकाकडेही नव्हतं.

उत्तर निघालं गोदामात. तिथे माल पोहोचवणाऱ्या इलेक्ट्रिक तिनचाकी आहेत, आणि त्यांच्यासाठी शेडखाली सॉकेटची एक रांग लावलेली आहे. महिंद्राच्या ट्रिओ झोरसारख्या तिनचाकीची बॅटरी ७.३७ युनिटची असते. एका रेंज रोव्हरच्या बॅटरीत अशा जवळपास सोळा गाड्या भरतात, आणि त्या सोळा दिवसभरात अर्ध्या ठाण्याला पार्सल वाटून येतात. कोणी त्यांची वेटिंग लिस्ट काढत नाही, त्यांच्यावर थंबनेल बनत नाही. पण भिवंडीत विजेवरची वाहतूक आली असेल तर ती या शेडखाली आलीय.

या तिनचाकी संध्याकाळी परत येतात आणि सातच्या पुढे सॉकेट एकेक करून मोकळी होत जातात. मॅनेजरच्या परवानगीने मित्र तिथे दोन तास स्कूटर लावतो. परवा मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो कठड्यावर बसून त्याच रेंज रोव्हरचा बर्फातला व्हिडिओ बघत होता, आणि सगळी सॉकेट अडलेली होती.

मी विचारलं, "नंबर कधी लागेल रे?"

त्याने मान वर न करता विचारलं, "कुठल्या रांगेतला?"